ओक्तावी मावशीची फरशी

बादली माझ्याच पायाने उपडी झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात या गोष्टीच्या तीन आवृत्त्या आहेत आणि तिन्हींत मी शिडीवरून पडतो. मी शिडीवरून पडलो नाही. शिडी अजून गाडीतच होती. मी पांढऱ्या तैलरंगाची दहा लिटरची बादली घेऊन ओक्तावी मावशीच्या स्वयंपाकघरातून जिन्याकडे चाललो होतो. झाकण मीच सैल ठेवलं होतं, दारात पाय पुसायला पसरलेलं ओलं फडकं मी पाहिलं नाही, आणि पाय पुसायचे सोडून मी त्या फडक्यात ते अडकवले. रंग उतू गेलेल्या दुधासारखा निघाला आणि निळ्या दगडाच्या फरशीवर सावकाश, काही घाई नसल्यासारखा पसरत गेला.

मावशी खिडकीशी बटाटे सोलत बसली होती. तिने सुरी खाली ठेवली, दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले आणि म्हणाली, "फ्लोर, तुझा बापही असाच चालायचा. पण तो निदान प्यायलेला असायचा."

फरशी मावशीची असती तर मी हसलो असतो. पण ती मावशीची नव्हती. भिंती, दारं, तुळया, ती ज्या टेबलावर बटाटे सोलत होती ते टेबल, यातलं काहीच गेल्या अकरा वर्षांपासून तिचं नव्हतं. बटाटे तिचे होते.

आमच्याकडे शेल्ट नदीच्या काठच्या गावांत ही जुनी रीत आहे. म्हातारं माणूस घर विकतं, पण मरेपर्यंत त्यातच राहतं. घेणारा दर महिन्याला ठरलेली रक्कम देत राहतो आणि माणूस गेलं की घर त्याचं. या व्यवहारातून एक खास सौजन्य तयार होतं. घेणारा दर भेटीत तब्येतीची चौकशी करतो, आणि त्याला मनातून कोणतं उत्तर हवंय ते दोघांनाही ठाऊक असतं. ओक्तावी मावशीने घर विकलं तेव्हा ती पंचाहत्तर वर्षांची होती आणि तिला भयंकर खोकला होता. तो खोकला तिने नोटरीच्या टेबलावर सही होईपर्यंत टिकवला. मग तो गेला, तो परत आला नाही.

घेणारे अँटवर्पचे, हेदविग आणि तिचा नवरा बर्नार्ड. हेदविग लोकांची घरं सजवते. सजवते म्हणजे घरातलं सगळं काढून टाकते. मी भिंतींना चुन्याचे रंग देणारा माणूस, पंधरा वर्षं तिच्याकडे काम करतो. ओल्या मातीचा रंग, अळंबीच्या पोटाचा रंग, नोव्हेंबरात नदीवर धुकं उतरतं तो रंग. एक हात, दुसरा हात, मग ओल्या ब्रशने तिसरा असा, की भिंत नवी आहे हे तिला स्वतःलाही आठवू नये. खिळ्यांची भोकं असलेल्या जुन्या ओकच्या फळ्या जमिनीला. खुर्च्यांवर न रंगवलेल्या लिननचे ढगळ अभ्रे. पडदे नाहीत. कुठल्यातरी मोडलेल्या मठातलं लांबच लांब टेबल, त्यावर एक मातीचा वाडगा, वाडग्यात तीन नासपती. त्या नासपती कोणी खायच्या नसतात. मी एकदा खाल्ली होती, तेव्हा हेदविगने दोन राहिलेल्यांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्या विधवा झाल्यात.

मी थट्टा करतो, पण खोटं बोलणार नाही. दुपारी चार वाजता बाजूच्या खिडकीतून उजेड येऊन त्या भिंतीवर टेकला की आपोआप आवाज खाली येतो. तिथं बसलं की वाटतं, या घरात कधी कोणी भांडलं नाही, कोणाला जुलाब झाले नाहीत, कोणी दाराकडे डोळे लावून मेलं नाही. अमेरिकेतून, जपानातून माणसं ही घरं बघायला येतात आणि टोपी काढून उभी राहतात. मीही माझ्याच भिंतीसमोर कितीदा उगाच उभा राहिलोय. श्रीमंतांना गरिबी फार शांत वाटते, कारण ती त्यांना रिकामी करून मिळते.

आणि ओक्तावी मावशीच्या स्वयंपाकघरात हे सगळं फुकट होतं. शेगडीच्या साठ वर्षांच्या धुराने भिंती मधासारख्या झालेल्या. दोनशे वर्षांची फरशी मोरीपाशी बशीसारखी झिजलेली, आणि तिच्या रंगाला कोणत्याही भाषेत नाव नाही. मी तो रंग बनवायला तीन वर्षं झटत होतो. एके दिवशी हेदविगला नमुना म्हणून ती फरशी दाखवायला घेऊन गेलो. म्हणजे ते घर तिला मी दाखवलं. गावाच्या तिन्ही आवृत्त्यांत हे मात्र नाही.

आता मावशी. तिला हे सगळं डोळ्यांसमोर नको होतं. तिला पांढरं आणि चकचकीत हवं होतं. बाजारातल्या खाटकाच्या दुकानात भिंतभर पांढऱ्या टाइल्स आहेत, त्यांच्याकडे ती अशी बघायची जशा इतर बायका चर्चमधल्या मूर्तीकडे बघतात. घर विकेपर्यंत दर शनिवारी सोडा, तपकिरी साबण आणि खराटा घेऊन ती आतून सुरुवात करायची आणि दारासमोरचा रस्ता घासूनच थांबायची; फरशीवरचा जुना थर मात्र खराट्याला दाद देत नसे. शेजारणीच्या घरी गेली तर "कशी आहेस" म्हणताना तिची नजर शेजारणीच्या खिडकीच्या काचेवर असायची. शेजारीण बरी आहे की नाही हे ती काचेवरूनच ठरवायची. आणि शहाऐंशीव्या वर्षीही स्वभाव तोच, सोड्यासारखा.

नवरा सिरिल याला तिने आयुष्यभर चिखलाचे बूट घालून उंबरा ओलांडू दिला नाही. त्याचं हृदय बंद पडलं ते अंगणात, डुकरांना खायला घालताना. तो सरपटत दारापर्यंत आला. डॉक्टर पोचला तेव्हा प्रेत आत होतं आणि बूट बाहेर, जोडीने, टाचा भिंतीला लावून. ही गोष्ट मावशी मला दरवर्षी एकदा तरी सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "शेवटी शेवटी तरी शिकला."

अशा बाईने करारावर सही केली होती, आणि करारातलं नववं कलम असं होतं की घर आहे त्या अवस्थेत राहील: रंग लावायचा नाही, खरवडायचं नाही, सोडा, आम्ल, तारेचा ब्रश वापरायचा नाही. जमीन साध्या पाण्याने पुसायची. मोडलं तर राहण्याचा हक्क संपला. मी तिला तेव्हा म्हटलं होतं, "मावशी, वाचलंस का?"

"वाचलं."

"मग?"

"छप्पर गळतंय. पावसात साबण लावून काय करू?"

छप्पर झालं. अकरा वर्षं तिने साध्या पाण्याने पुसलं. बाटली सोडलेला माणूस दारूच्या दुकानावरून जातो, तशी ती सोड्याच्या पुड्यावरून जायची. पुडा मोरीखाली होता, फोडलेला नव्हता.

पण तिची एक अट होती, कलमात नसलेली. तिला त्याच घरात मरायचं होतं, वरच्या लहान खोलीत, आणि ती खोली पांढरी हवी होती. आमच्याकडे गेलेल्या माणसाला घरीच ठेवतात, आणि गाव ओळीने येऊन बघून जातं. पवित्र पाण्यात बुडवलेल्या हिरव्या डहाळीने प्रेतावर शिंतोडे द्यायचे, मान लववायची आणि निघायचं. पण मान लववताना प्रत्येक बाईची नजर आधी चेहऱ्यावर आणि मग कोपऱ्यात जाते. मावशीने स्वतः साठ वर्षं तेच केलं होतं.

"मेलेल्या बाईला कोपरा झाकता येत नाही, फ्लोर," ती म्हणाली. "चुना नको तुझा. चकाकणारा दे. ओल्या फडक्याने पुसता येईल असा."

हेदविग वर कधी जात नसे. वर मावशीचा पलंग होता, पलंगाखाली भांडं होतं, आणि या दोन गोष्टी हेदविगच्या शैलीत बसत नव्हत्या. ईस्टरच्या आधीचा सोमवार. पुढच्या सोमवारी, दरवर्षीप्रमाणे, दोघं चॉकलेटची अंडी घेऊन कॉफीला येणार होते. मधे पूर्ण आठवडा होता. खोली दोन दिवसांत उरकली असती आणि कोणाला कळलंही नसतं. फक्त बादली जिन्यापर्यंत पोचायला हवी होती.

टर्पेंटाइन गाडीत होतं. तासाभरात रंग निघाला. त्याच्यासोबत दोनशे वर्षंही निघाली. धुराने, चरबीने, चिखलाने, सिरिलच्या आजोबांच्या खडावांनी जमलेलं सगळं त्या फडक्यांत आलं, आणि खाली दगड उघडा पडला: फिकट निळा, ओला, आणि त्यात इथे समुद्र होता त्या काळातले बारीक पांढरे शिंपले. टेबलाएवढं एक बेट. सभोवती तो नाव नसलेला रंग.

मावशी खाली वाकली. बोटाने एक शिंपला चाचपला. "माझं लग्न झालं तेव्हापासून," ती म्हणाली, "हे इथे होतं?"

"टेबल यावर सरकवू," मी म्हटलं. "बरोब्बर मावतंय. हेदविगला सांग, खिडकीशी थंडी लागते म्हणून सरकवलं."

टेबल सरकवलं. बेट झाकलं गेलं. कोणाच्या बापाला कळलं नसतं. मी नवी बादली आणायला गेलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तेव्हा टेबल भिंतीशी उभं होतं आणि मावशी गुडघ्यांवर होती. सोड्याचा पुडा फोडलेला, तपकिरी साबणाचा डबा उघडा, हातात कोंबड्यांच्या खुराड्याचा तारेचा ब्रश. एक तृतीयांश फरशी निळी झाली होती.

"मावशी, हे काय?"

"कड जुळत नव्हती."

"टेबलाखाली होती ना कड."

"मला माहीत होतं ना ती कुठंय." तिने ब्रश पाण्यात बुडवला. "अर्धं स्वच्छ ठेवतं का कोणी? उभा काय राहिलास, तो कोपरा घे. आणि बूट काढ."

एखादा ब्रसेल्सचा माणूस असता तर त्याने तिच्या हातातला ब्रश काढून घेतला असता. पण मी याच गावचा, माझ्या आईचा मुलगा. बाई जमीन घासत असताना उभं राहणं आम्हाला जमत नाही. मी बूट काढले आणि कोपरा घेतला.

मंगळवार आणि बुधवार, दोन दिवस. शहाऐंशी वर्षांची बाई त्या फरशीवर पाळण्यातल्या पोरासारखी खूश होती. मला बटाट्याचं सूप द्यायची आणि ते प्यायच्या आत हातात ब्रश द्यायची. "हेदविगला काय सांगायचं?" असं मी चारदा विचारलं. चारही वेळा तिने मला सुटलेली एखादी सांध दाखवली. फरशी झाल्यावर टेबल काळं दिसायला लागलं, म्हणून टेबल. टेबलानंतर दार. गुरुवारी ती शेगडीमागची भिंत ओल्या फडक्याने "फक्त जराशी" पुसायला गेली, आणि संध्याकाळपर्यंत मध सगळा बादलीत होता. वरची खोली राहूनच गेली. नवी बादली जिन्याखाली बंद पडून होती. "आता खालचं आधी," मावशी म्हणाली. "मरायला काय, वेळ आहे."

सोमवारी ते आले. मीही होतो. मावशीनेच बोलावलं होतं, फाडलेल्या दुधाच्या चोथ्याचे केक केले होते. दुपारचा उजेड बाजूच्या खिडकीतून आला आणि त्या घासलेल्या दगडावरून असा उसळला की डोळे मिटावेत. हेदविग उंबऱ्यावर थांबली. अंगावर नेहमीचं वाळलेल्या गवताच्या रंगाचं लिनन. तिचा आवाज नेहमीच इतका मऊ असतो की माणसं पुढे वाकून ऐकतात.

"मादाम ओक्तावी. हे तुम्ही काय केलंत?"

"घर पुसलं."

हेदविग खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. खरंच रडत होती. मी तिला तिच्या वडिलांच्या दफनाला पाहिलंय, तेव्हा ती अशी रडली नव्हती. बर्नार्डने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं फरशीकडे बघत राहिले.

"कोणी गेलं का?" मावशीने मला विचारलं.

बर्नार्ड म्हणाला, "आम्ही कोणालाही बाहेर काढत नाही आहोत, मादाम. आम्हाला तुमची काळजी वाटते. या वयात असं गुडघ्यांवर. उद्या काही झालं तर? औदेनार्डेला वृद्धांसाठी एक चांगली जागा आहे. आम्ही बोललोयही तिथे."

"कधी बोललात?"

बर्नार्डने कॉफीत साखर घातली. तो साखर घेत नाही.

"नववं कलम तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला.

"ती माझी घाण होती," मावशी म्हणाली. "मी केली, मी काढली. कलमाचा काय संबंध?"

हेदविगने डोळे पुसले. "ती तुमची नव्हती, मादाम," ती अगदी प्रेमाने म्हणाली. "ती आम्ही विकत घेतली होती."

मग ती माझ्याकडे वळली. "फ्लोर, तू इथे येत-जात असतोस. तुला यातलं काही माहीत होतं?"

माझ्या तोंडात केक होता. बादली माझी, टर्पेंटाइन माझं, अर्धी फरशी माझ्या हातची. एवढं म्हटलं असतं, की सुरुवात माझ्या पायाने झाली, तर कदाचित गोष्ट वेगळीकडे गेली असती. पुढच्या महिन्यात हेदविगकडे माझी चार घरं होती. मी केक गिळला आणि म्हणालो, "मी नंतर आलो."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. ताटलीतला आणखी एक केक उचलून माझ्या बशीत ठेवला.

जूनमध्ये ती औदेनार्डेला गेली. दोन पिशव्या आणि सिरिलचा फोटो. भांडायला जाण्यासारखं कोणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं, आणि शेजारणींना तिच्याबद्दल वाईट वाटायला वेळ लागला, कारण आधी त्यांनी मनापासून खिडक्या मळू दिल्या.

पंधरा दिवसांनी हेदविगचा फोन आला. "फ्लोर, हे दुसऱ्या कोणाला जमणार नाही." खरंच जमलं नसतं. आणि मी गेलो. कडक चहा, काजळी, जवसाचं तेल, मधमाशीचं मेण. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, पोत्याने घासायचा, पुन्हा. मोरीपाशी जास्त, कोपऱ्यात कमी, कारण कोपऱ्यात माणूस चालत नाही. एक आठवडा हेदविगने सगळ्या कामगारांना सांगितलं की शेतातून चिखलाचे बूट घालूनच आत या आणि मुद्दाम फिरा. माणसं हसत होती. मीही फिरलो. पूर्वी तीन वर्षं झटूनही जो रंग मला जमला नव्हता तो त्या तीन आठवड्यांत जमला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. वरच्या लहान खोलीत आता दगडी टब आहे, एक तिपाई आहे आणि भिंत ओल्या मातीच्या रंगाची आहे. मासिकात फोटो आले तेव्हा खाली छापलं होतं की या फरशीला दोनशे वर्षांत कोणी हात लावलेला नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, मृतांच्या सणाला, मी सिरिलच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी ठेवली आणि तिथून औदेनार्डेला गेलो. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. काम फार होतं, असं मी स्वतःला वाटेत सांगितलं.

खोलीच्या भिंती सॅमन माशाच्या मांसासारख्या गुलाबी, जमिनीला प्लास्टिकचं आवरण. सगळं पुसता येण्यासारखं. सकाळी एक मुलगी यंत्र घेऊन येते आणि चार मिनिटांत मधला भाग पुसून जाते. मावशीने पहिल्या आठवड्यात बादली मागितली, तर विम्यात बसत नाही म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात ती रुमाल ओला करून जमीन पुसताना सापडली, तेव्हापासून खुर्चीला पट्टा आहे. ती खुर्चीत बसली होती, अर्धी झालेली, हात मांडीवर उताणे. सोड्याने सोललेली बोटं आता मऊ गुलाबी झाली होती, तान्ह्या पोरासारखी.

"बारीक झालीस, मावशी."

"तू नाही झालास."

मी फुलं कुठे ठेवावीत ते बघत होतो. ती म्हणाली, "फरशी तू केलीस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"यंत्रवाली. तिचा भाऊ बूट घालून फिरायला होता." ती खिडकीकडे बघत होती. "कशाने केलीस?"

"चहा. काजळी. वरून तेल आणि मेण."

"किती हात?"

"पाच. मोरीपाशी सात."

"कळतं?"

"नाही," मी म्हटलं, आणि माझ्या आवाजात जो अभिमान आला तो मला थांबवता आला नाही. "कोणालाच कळत नाही."

बाहेर व्हरांड्यात कोणीतरी कोणाला तरी चमच्याने भरवत होतं. मला वाटलं मावशी आता रडेल, किंवा शिव्या देईल, आणि दोन्हींपैकी काहीही केलं तरी मला बरं वाटलं असतं. श्वास घेताना तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. नर्सने दारातच मला सांगितलं होतं की नाताळ धरून चालू नका. म्हणजे ती याच खोलीत जाणार होती, आणि गाव ओळीने इथेच येणार होतं, या गुलाबी कोपऱ्यांत नजर टाकायला.

"मावशी," मी म्हटलं, "मी त्यांच्याशी बोलतो. रविवारी येतो, तुला बाहेर व्हरांड्यात बसवू. दिवसात होईल. ही खोली तुला पांढरी करून देतो. चकाकणारी, पुसता येईल अशी."

तिने मान वळवून माझ्या हातांकडे पाहिलं.

"तू कशालाही हात लावू नकोस."